पीपीएफ आणि पीएफमधून घराचं डाउन पेमेंट: बानाखताच्या आधी करायचा हिशेब

पीपीएफच्या (पंधरा वर्षांच्या सरकारी बचत खात्याच्या) पासबुकात पंधरा लाख दिसतात, म्हणजे डाउन पेमेंटची सोय झाली असं धरून दसऱ्याच्या मुहूर्तावर बानाखत (खरेदीआधीचा करार) होतं. मग बँकेत गेल्यावर कळतं की त्यातले पाच लाखही आत्ता हातात येत नाहीत. बडोद्यात घर घेणाऱ्या पगारदार कुटुंबांची ही नेहमीची अडचण आहे. पीपीएफमधून काढता येणारी रक्कम आजच्या शिलकीवर ठरत नाही, चार वर्षं मागच्या शिलकीवर ठरते. म्हणून बानाखतावर तारीख आणि रक्कम पडण्याआधी तो आकडा स्वतः काढायचा आणि नंतरच बिल्डरशी किंवा मालकाशी बोलायला बसायचं. उलट क्रमाने गेलात तर बानाचे (आगाऊ दिलेले) पैसे अडकतात.

आधी गरज किती ते बघा

वासणा-भायलीकडे ५२ लाखांचा, बी.यू. परमिशन (इमारत वापरायची परवानगी) मिळालेला तयार फ्लॅट धरू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतचं गृहकर्ज घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत मिळू शकतं, ३० ते ७५ लाखांपर्यंतचं ८० टक्के आणि त्यापुढचं ७५ टक्के. इथे ८० टक्के म्हणजे ४१,६०,००० रुपये कर्ज. उरलेले १०,४०,००० तुमचे.

पण एवढ्यावर भागत नाही. घराची किंमत १० लाखांच्या वर असली की स्टँप ड्यूटी आणि नोंदणी फी बँक किमतीत धरत नाही, ती खिशातूनच जाते. गुजरातमध्ये स्टँप ड्यूटी ४.९ टक्के, म्हणजे २,५४,८००. नोंदणी फी १ टक्का, म्हणजे ५२,०००. हे धरून स्वतःचे पैसे झाले १३,४६,८००. त्यावर बँकेची प्रोसेसिंग फी, वकिलाचा टायटल रिपोर्ट (मालकी हक्काची तपासणी), गहाणखताचा खर्च आणि सोसायटीचं मेंटेनन्स डिपॉझिट. साडेचौदा लाख हाताशी असले तरच निवांत राहता येईल.

इथे तीन गोष्टी हमखास निसटतात. पहिली, स्टँप ड्यूटी व्यवहाराची किंमत आणि जंत्री (सरकारने ठरवलेली किंमत) यांतल्या जास्त आकड्यावर लागते. जंत्रीचे दर १५ एप्रिल २०२३ पासून वाढलेले आहेत, त्यामुळे जुन्या ओळखीच्या माणसाने सांगितलेला अंदाज चालत नाही. दुसरी, बँक स्वतःचा व्हॅल्युअर पाठवते आणि व्यवहाराची किंमत व मूल्यांकन यांतला कमी आकडा धरते. कारेलीबाग-रावपुऱ्याकडच्या जुन्या इमारतींत हा फरक जास्त पडतो. ५२ लाखांच्या घराचं मूल्यांकन ४९ लाख निघालं तर कर्ज ३९,२०,००० वर येतं आणि तुमचा वाटा एका दिवसात २,४०,००० ने वाढतो. तिसरी, बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी आहे. ५२ लाखांवर तो २,६०,००० होतो. घर ४५ लाखांपर्यंतचं आणि कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंतचं असेल तर १ टक्का. बी.यू. मिळाल्यानंतर विकलेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विकणाऱ्याला द्यायच्या पैशातून १ टक्का टीडीएस कापून सरकारात भरायचा असतो. हा वेगळा खर्च नाही, पण कापायची आणि भरायची जबाबदारी तुमची आहे.

खरेदीदार म्हणून दस्तावेजात (खरेदीखतात) फक्त बाईचं किंवा बायकांचंच नाव असेल तर गुजरातमध्ये १ टक्का नोंदणी फी माफ आहे. नवऱ्याचं नाव जोडीला आलं की माफी गेली. इथे ५२,००० वाचतात, ही लहान रक्कम नाही. मात्र नवऱ्याचे पैसे घालून घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलं आणि पुढे भाड्याने दिलं, तर ते भाडं नवऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं. शिवाय मालकीत नाव नसलेल्याला कर्जाच्या व्याजाची वजावट मिळत नाही. राहायलाच घर घेत असाल आणि नव्या करप्रणालीत असाल तर यातलं काही फारसं आड येत नाही.

पीपीएफमधून नेमके किती निघतात

नियम असा. ज्या आर्थिक वर्षात खातं उघडलं ते वर्ष संपल्यापासून पाच वर्षं पूर्ण झाली की अंशतः रक्कम काढता येते, आर्थिक वर्षातून एकदाच. रक्कम किती? काढायच्या वर्षाच्या मागचं चौथं वर्ष संपतानाची शिलक आणि लगेच मागचं वर्ष संपतानाची शिलक, या दोन्हींपैकी जी कमी असेल तिच्या ५० टक्के.

खातं जून २०१६ मध्ये उघडलं आहे असं धरा. आर्थिक वर्ष २०१६-१७, ते संपलं ३१ मार्च २०१७ ला. पाच वर्षं पूर्ण झाली ३१ मार्च २०२२ ला, म्हणजे १ एप्रिल २०२२ पासून पैसे काढायला पात्र. आता २०२६-२७ मध्ये काढायचे आहेत. मागे मोजत जा: २०२५-२६ पहिलं, २०२४-२५ दुसरं, २०२३-२४ तिसरं, २०२२-२३ चौथं. चौथं वर्ष संपलं ३१ मार्च २०२३ ला.

दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला एक लाख भरणाऱ्याच्या पासबुकात साधारण असे आकडे असतील: ३१ मार्च २०२३ ला ९,३०,०००, ३१ मार्च २०२६ ला १४,८७,०००. कमी आकडा ९,३०,०००, त्याचे निम्मे ४,६५,०००. पासबुक पंधरा लाखांच्या जवळ आहे, पण त्या वर्षी हातात येणार आहेत ४ लाख ६५ हजार. कॅल्क्युलेटर लागत नाही. पासबुकातली दोन ३१ मार्चची ओळ शोधायची आणि लहान आकड्याचे दोन भाग करायचे.

खातं मार्चमध्ये उघडलं की एप्रिलमध्ये, यावर अख्खं वर्ष इकडचं तिकडे होतं. २८ मार्च २०२१ ला उघडलेलं खातं १ एप्रिल २०२६ पासून पात्र, आणि आठवडाभराने म्हणजे ४ एप्रिल २०२१ ला उघडलेलं १ एप्रिल २०२७ पासून. पासबुकाच्या पहिल्या पानावरची तारीख बघा, आठवणीवर जाऊ नका.

मार्च आणि एप्रिल: एका महिन्यात दोनदा

"वर्षातून एकदा" म्हणजे आर्थिक वर्षातून एकदा. त्यामुळे मार्चमध्ये एकदा आणि एप्रिलमध्ये पुन्हा एकदा काढणं पूर्ण नियमात बसतं. घर घेणाऱ्यासाठी पीपीएफमध्ये यापेक्षा उपयोगाची गोष्ट नाही.

वरच्याच खात्यातून मार्च २०२७ मध्ये ४,६५,००० काढले. एप्रिल २०२७ ला नवं वर्ष सुरू झालं, मागचं चौथं वर्ष आता २०२३-२४. त्या वर्षाच्या शेवटी शिलक साधारण ११,०३,०००, निम्मे ५,५१,५००. दुसरा आकडाही तपासायचा: मार्चमध्ये काढून झाल्यावर ३१ मार्च २०२७ ची शिलक सव्वाबारा लाखांच्या आसपास राहते, तिचे निम्मे सहा लाखांवर. म्हणजे ५,५१,५०० हाच कमी आकडा, तेवढे मिळतील. दोन्ही मिळून १०,१६,५००, तीन-चार आठवड्यांच्या आत. ५२ लाखांच्या घराचा स्वतःचा वाटा जवळजवळ इथेच निघाला.

जोडणीत काय चुकतं? मार्चची रक्कम ३१ तारखेवर ढकलू नका. व्याज दर महिन्याच्या ५ तारखेनंतरच्या आणि महिनाअखेरच्या दरम्यानच्या सर्वांत कमी शिलकीवर लागतं, त्यामुळे मार्चमध्ये कुठल्याही दिवशी काढलं तरी काढलेल्या रकमेवरचं मार्चचं व्याज जातंच. मग वर्षअखेरच्या गर्दीत अर्ज पडून राहण्याचा धोका कशाला? १० ते २० मार्चच्या दरम्यान पैसे बचत खात्यात येतील असं बघा. १ एप्रिलला बँका वार्षिक हिशेबासाठी ग्राहकांना बंद असतात. २ एप्रिलनंतर जा आणि आधी पासबुकात ३१ मार्चचं व्याज पडलंय का पाहा. ते चढलं नसेल तर शाखेतल्या सिस्टिममध्ये मर्यादा चुकीची दिसू शकते.

एरवी इतर महिन्यांत काढायचे असतील तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात काढा. २९-३० तारखेला काढलेल्या रकमेवर पूर्ण महिन्याचं व्याज जातं आणि तो महिना ती रक्कम तुमच्या उपयोगातही नसते. एप्रिल २०२० पासून दर ७.१ टक्के आहे. पाच लाखांवर एका महिन्याचे जवळपास २,९५० रुपये.

नवरा-बायकोची खाती वेगळी असतात, पीपीएफ जोडीने निघतच नाही. त्यामुळे दोघांची मर्यादा वेगवेगळी मोजायची, आणि दोघांनीही मार्च-एप्रिल केलं तर चार वेळा रक्कम निघते.

पंधरा वर्षं झालेलं आणि अजून कच्चं खातं

ज्यांच्या खात्याची मुदत संपली आहे त्यांची परिस्थिती खूप सोपी असते, पण एका कागदावर सगळं अवलंबून आहे. मुदत संपल्यावर वर्षाच्या आत फॉर्म ४ देऊन "भरणा चालू ठेवून" मुदत वाढवली असेल, तर त्या पाच वर्षांच्या काळात मिळून, काळ सुरू होतानाच्या शिलकीच्या ६० टक्केच निघतात, तेही वर्षातून एकदा. ३० लाख असतील तर पाच वर्षांत १८ लाख. फॉर्म न देता खातं तसंच चालू राहिलं असेल तर कितीही रक्कम काढता येते, वर्षातून एकदा, व्याज चालूच. म्हणून दोन-तीन वर्षांत घर घ्यायचं मनात असेल तर फॉर्म ४ भरायची घाई करू नका. बँकेतला माणूस सवयीने पुढे करतो, आपण नाही म्हणायचं.

पाच वर्षं न झालेल्या खात्यातून घरासाठी पैसे निघत नाहीत. तिथे फक्त कर्ज मिळतं: खातं उघडलेलं वर्ष संपल्यानंतर एक वर्ष झाल्यापासून पाच वर्षं होईपर्यंत, मागच्या दुसऱ्या वर्षाच्या अखेरच्या शिलकीच्या २५ टक्के, पीपीएफच्या दरापेक्षा १ टक्का जास्त व्याजाने, ३६ महिन्यांत फेडायचं. डाउन पेमेंटला त्याचा फार आधार होत नाही. आणि खातं मुदतीआधी पूर्ण बंद करायचं म्हणाल तर त्याची कारणं ठरलेली आहेत: जिवावरचा आजार, उच्च शिक्षण, परदेशी वास्तव्यामुळे बदललेला रहिवासी दर्जा. घरखरेदी त्यात नाही. "बंदच करून टाका, पैसे मिळतील" असं कुणी सांगत असेल तर ते चुकीचं आहे.

मुलीच्या सुकन्या समृद्धीतूनही घरासाठी पैसे काढायची तरतूद नाही, तो विषय सोडून द्या.

शाखेत जाताना

पीपीएफ काढायचा अर्ज म्हणजे फॉर्म २. जुने लोक अजून त्याला फॉर्म सी म्हणतात. तो, मूळ पासबुक, पॅन आणि आधारची प्रत, आणि ज्यात पैसे हवेत त्या बचत खात्याचा रद्द केलेला चेक, एवढं घेऊन जा. पावतीच्या जागी सहीसाठी एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लागू शकतो. खिशात दोन ठेवा. काही बँका नेटबँकिंगवरून अर्ज घेतात, पण मोठी रक्कम असेल तर खातं असलेल्या शाखेत जाऊन, पोच घेऊन आलेलं बरं. कारण काय म्हणून विचारलं तर घराचं लिहा, पण पुरावा जोडायची सक्ती नाही. अंशतः काढायला पीपीएफला कारण लागत नाही.

अर्ज परत येतो तो बहुतेक वेळा या कारणांनी.

सही जुळत नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वी, बहुधा कर वाचवायच्या घाईत ३० मार्चला केलेली सही आणि आजची सही वेगळी असते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत तर नाव आणि सही दोन्ही. पैसे काढायच्या महिनाभर आधी नाव व सही अद्ययावत करून घ्या. त्याच दिवशी दोन्ही कामं होत नाहीत.

खातं बंद पडलेलं आहे. एखाद्या वर्षी किमान ५०० रुपये भरायचे राहिले तर खातं खंडित होतं आणि त्यातून ना कर्ज मिळतं ना रक्कम काढता येते. प्रत्येक चुकलेल्या वर्षाचे ५०० आणि ५० रुपये दंड भरून ते आधी चालू करावं लागतं.

आधार दिलेलं नाही. जुन्या खात्यांना आधार जोडायची मुदत ३० सप्टेंबर २०२३ ला संपली, त्यानंतर न जोडलेली खाती गोठवली गेली.

दोन खाती आहेत, एक पोस्टात आणि एक बँकेत. एका माणसाला एकच पीपीएफ चालतं. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या सूचनांप्रमाणे दुसरं खातं पहिल्यात विलीन करून नियमित करावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. घराच्या गडबडीत ते उकरून काढू नका, सहा महिने आधीच निकाली काढा.

खातं पोस्टात असेल, म्हणजे बऱ्याच जुन्या कुटुंबांचं रावपुऱ्याच्या मुख्य पोस्टात असतं तसं, तर पासबुकाशिवाय काम होत नाही. हरवलं असेल तर आधी डुप्लिकेट. पैसे पोस्टाच्या बचत खात्यात येतात आणि तिथून बँकेत आणायचे, तेव्हा दोन-चार दिवस जास्तीचे धरा. पोस्टातून बँकेत पीपीएफ हलवायचं असेल तर घर होईपर्यंत थांबा. हलवाहलव चालू असताना पैसे काढता येत नाहीत.

पीएफचा हात कधी धरायचा

आमचं मत स्पष्ट आहे: आधी पीपीएफ, नंतर पीएफ. पीएफवर २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांना ८.२५ टक्के करमुक्त व्याज मिळालं आहे, पीपीएफवर ७.१. गृहकर्जाच्या व्याजाशी तुलना केली तरी पीएफ मोडण्यात फायदा दिसत नाही. पीपीएफ मोडण्यात थोडा दिसतो. म्हणून पीपीएफने गरज भागत नसेल तेव्हाच पीएफ, आणि तेही तुटीपुरतंच.

पीएफच्या पासबुकात तीन रकाने असतात: तुमचा वाटा, मालकाचा म्हणजे कंपनीचा वाटा आणि पेन्शन. घरासाठी पहिले दोनच उपयोगी. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के, १५,००० पगाराच्या मर्यादेत म्हणजे महिना १,२५० रुपये, पेन्शनला जातात आणि त्यांना हात लावता येत नाही.

वर्षानुवर्षं चालत आलेला नियम असा होता: पाच वर्षं सदस्यत्व, आणि फ्लॅट घ्यायचा तर ३६ महिन्यांचा मूळ पगार व महागाई भत्ता, दोन्ही वाट्यांची शिलक, किंवा घराची किंमत, यांतलं सर्वांत कमी. मूळ पगार ४०,००० असेल तर ३६ महिन्यांचे १४,४०,०००. शिलक ११ लाख असेल तर ११ लाख. १३ ऑक्टोबर २०२५ ला ईपीएफओच्या (पीएफ चालवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) विश्वस्त मंडळाने पैसे काढायची अशी तेरा प्रकारची कलमं मोडून तीन गटांत बसवायचा निर्णय घेतला: घर हा एक स्वतंत्र गट, किमान सेवा १२ महिने, आणि २५ टक्के शिल्लक खात्यात राखून ठेवायची. व्यवहारात याचा अर्थ इतकाच घ्या की पोर्टलवर दावा भरताना तुमच्या खात्यापुढे जी पात्र रक्कम दिसते तीच बानाखतात धरायची. ऐकीव टक्केवारीवर आकडा धरू नका.

अर्ज ऑनलाइन: यूएएनने (तुमच्या पीएफच्या कायमच्या क्रमांकाने) लॉग-इन, ऑनलाइन सर्व्हिसेस, क्लेम, फॉर्म ३१, कारण म्हणून घरखरेदी. ५ लाखांपर्यंतचे आगाऊ रकमेचे दावे आपोआप मंजूर होण्याची सोय आहे, बाकीच्यांना २० दिवस धरा. घर स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा दोघांच्या नावावर हवं. वडिलांच्या किंवा भावाच्या नावावरच्या घरासाठी ही रक्कम काढता येत नाही, आणि बडोद्यातली बरीच मराठी घरं अजून एकत्र असल्यामुळे हा मुद्दा उशिरा लक्षात येतो.

दावे अडकतात ते नावाच्या मांडणीत. गुजरातमधल्या कागदांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. कंपनीच्या नोंदीत नाव आधी. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेल्या मराठी बायकांच्या आधारवर सासरचं नाव, पीएफमध्ये माहेरचं आणि पॅनवर तिसरंच असतं. १ ऑक्टोबर २०१७ नंतर मिळालेल्या आणि आधारने पडताळलेल्या यूएएनमध्ये अशी दुरुस्ती आता स्वतः ऑनलाइन करता येते; त्याआधीच्या यूएएनला कंपनीमार्फत संयुक्त घोषणापत्र लागतं. त्यातच आठवडे जातात.

दुसरं कारण जुनी नोकरी. मकरपुरा जीआयडीसीतल्या पहिल्या कारखान्याने सोडल्याची तारीख भरलेलीच नसते, त्यामुळे ते खातं नव्यात येत नाही आणि सेवा कमी दिसते. तिसरं, बँक. देना आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या, आणि त्यांचे जुने आयएफएससी कोड १ मार्च २०२१ पासून बंद झाले. बडोद्यात देना बँकेची पगार खाती खूप होती. पीएफच्या केवायसीत तो जुना कोड अजून पडून असेल तर मंजूर झालेले पैसेही परत जातात. लॉग-इन करून आजच बघा.

शहरातल्या काही मोठ्या जुन्या कंपन्यांचा पीएफ स्वतःच्या ट्रस्टकडे असतो. तिथे पोर्टलवर दावा चालत नाही, कंपनीच्या पीएफ विभागातच अर्ज द्यायचा.

एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) असेल तर तीन वर्षांनंतर स्वतःच्या भरण्याच्या २५ टक्के, पहिल्या घरासाठी, करमुक्त मिळतात. रक्कम लहान असते, पण नोंदणी फीला पुरते.

बानाखत कसं लिहायचं

रकमा आणि तारखा पैशांच्या वाटेला जुळवा. पैसे मार्च-एप्रिलला येणार असतील तर बाना छोटा ठेवा, आणि दुसरा हप्ता १५ एप्रिलनंतरचा लिहा. दस्तावेजाची मुदत ९० दिवस मागा. ४५ दिवसांत मूल्यांकन, मंजुरी, पीपीएफ आणि पीएफ हे सगळं बसवणं कठीण जातं. "बँकेने कर्ज नाकारलं, किंवा टायटल स्पष्ट निघालं नाही, तर दिलेली पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत" हे वाक्य हवंच, आणि तोंडी नको. बिल्डरकडून घेत असाल तर रेराच्या (घरबांधणी व्यवसायाच्या नियमन कायद्याच्या) कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार होईपर्यंत किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. तो जास्त मागत असेल तर करार आधी नोंदवायला सांगा. प्रकल्पाचा नंबर गुजरेराच्या (गुजरातच्या रेरा प्राधिकरणाच्या) साइटवर तपासा.

पैसे मोजण्याआधी शेजारच्या दुकानात एक प्रश्न विचारा: ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी या पार्किंगमध्ये किती आलं होतं?

सगळे पैसे एकाच मार्गाने जाऊ द्या: पीपीएफमधून बचत खात्यात, बचत खात्यातून आरटीजीएसने विकणाऱ्याकडे. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रोख देणं-घेणं कायद्याने चालत नाही, आणि रोख दिलेली रक्कम बँक तुमचा वाटा म्हणून धरत नाही. विकणाऱ्याचं खातं नेटबँकिंगमध्ये आठवडाभर आधी जोडून ठेवा. नवीन जोडलेल्या खात्यावर पहिल्या दिवशी मोठी रक्कम जात नाही. तुटीसाठी पर्सनल लोन काढायचा मोह आवरा. त्याचा हप्ता बँक तुमच्या क्षमतेतून वजा करते आणि गृहकर्जच कमी होतं.

काढून झाल्यावर

पीपीएफमधून काढलेली रक्कम दोन्ही करप्रणालींत करमुक्त आहे, आणि आधी घेतलेली ८०सी ची वजावट परत जात नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, कलमांचे आकडे बदलले, ही सवलत राहिली. दरवर्षीचं पीपीएफचं व्याज मात्र रिटर्नमध्ये करमुक्त उत्पन्नात दाखवत चला. मोठ्या किमतीच्या मालमत्तेची माहिती निबंधक कार्यालयातून आयकर खात्याला जाते. विचारणा झालीच तर पीपीएफ पासबुकाचं ते पान, बचत खात्याचा उतारा आणि आरटीजीएसचा क्रमांक एवढ्याने काम होतं. तिन्हींच्या प्रती दस्तावेजाच्या फाइलमध्ये लावून ठेवा.

पीएफची रक्कम सलग पाच वर्षं सेवेच्या आधी, नोकरी सोडून पूर्ण काढली तर तिच्यावर कर लागतो. घर घेतल्या वर्षी नोकरी बदलणार असाल तर खातं बदलून घ्या, मोडू नका.

आणि पैसे काढल्यावर पीपीएफला विसरू नका. त्या वर्षीही ५०० रुपये भरावे लागतात, नाहीतर खातं खंडित होतं. पहिल्या वर्षी ईएमआय सुरू झाल्यावर तेवढेच भरले तरी चालतील, १ ते ५ एप्रिलच्या दरम्यान ऑटो डेबिट लावून द्या.